विद्यापीठीय धोरणे आणि समता-परिणाम मूल्यमापन : संकल्पना, अनुभव व उपयोजन

प्रस्तावना

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. शासनाचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून जमा होतो, त्यातील मोठा भाग उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्याचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांनाच मिळतो, हा त्या निवेदनातील एक प्रमुख मुद्दा होता. शैक्षणिक धोरणाचा हेतू काय आहे, यापेक्षा त्याचा लाभ प्रत्यक्षात कोणाच्या पदरी पडतो, हा प्रश्न फुले यांनी त्या काळी उपस्थित केला. आज विद्यापीठीय क्षेत्रात ज्याला 'समता-परिणाम मूल्यमापन' म्हटले जाते, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

विद्यापीठे व महाविद्यालये वर्षभर अनेक निर्णय घेत असतात. शुल्करचना, वेळापत्रक, परीक्षापद्धती, वसतिगृहाचे नियम, ग्रंथालयाच्या वेळा, नव्या इमारतीचे आराखडे, संशोधन प्रकल्पांचे निकष असे त्यांचे स्वरूप असते. यांपैकी बहुतेक निर्णय सर्वांना सारखेच लागू होतात. त्यामुळे ते निःपक्षपाती आहेत असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक का आहे, ते कसे तपासावे आणि मुख्य म्हणजे ते केव्हा तपासावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना : समान नियम, असमान परिणाम

एखादे धोरण, योजना किंवा प्रकल्प यांचा समाजातील निरनिराळ्या गटांवर कोणता अनुकूल वा प्रतिकूल परिणाम होईल, याचा निर्णयापूर्वी पुराव्यांच्या आधारे शोध घेणे आणि आढळलेल्या परिणामांनुसार निर्णयात योग्य तो बदल करणे, या पद्धतशीर प्रक्रियेस समता-परिणाम मूल्यमापन म्हणतात. या व्याख्येतील तीन घटक महत्त्वाचे आहेत. पहिला, ही प्रक्रिया निर्णयापूर्वीची आहे. दुसरा, ती पुराव्यांवर आधारलेली आहे. तिसरा, निर्णय बदलण्याची तयारी तिच्यात अंतर्भूत आहे. यांपैकी एकही घटक गळाला तर उरते ती केवळ कागदोपत्री औपचारिकता.

या संकल्पनेस आधारभूत ठरलेला विचार म्हणजे अप्रत्यक्ष भेदभावाचा विचार होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली 'ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी' या खटल्यात तो स्पष्टपणे मांडला. कंपनीने वरच्या कामांसाठी माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र व लेखी चाचण्या यांची अट घातली होती. अट सर्वांना सारखीच होती. परंतु तिचा त्या कामाशी संबंध सिद्ध झाला नाही, आणि तिच्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात वगळले जात होते. हेतू दुष्ट नसला तरी परिणाम भेदभावाचा असू शकतो, हे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित झाले.

शिक्षणसंस्थांच्या संदर्भात हे तत्त्व विशेष लागू पडते. कोणतेही महाविद्यालय एखाद्या गटाला बाहेर ठेवण्याच्या हेतूने वेळापत्रक आखत नाही. मात्र वेळापत्रक आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विशिष्ट प्रकारचा विद्यार्थी असतो. तो शहरात राहणारा, घरकामाचा भार नसलेला, शारीरिकदृष्ट्या सक्षम आणि स्वतःचा मोबाइल असलेला असतो. जो विद्यार्थी या चित्रात बसत नाही, त्याच्यापुढील अडचणी नियमात दिसत नाहीत. त्या परिणामात दिसतात.

ब्रिटनमधील वाटचाल

विद्यापीठांवर अशा मूल्यमापनाची कायदेशीर जबाबदारी टाकण्याचा अनुभव ब्रिटनमध्ये दीर्घ आहे. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाची वर्णद्वेषातून हत्या झाली. तिच्या तपासातील त्रुटींची चौकशी करणाऱ्या मॅक्फर्सन समितीचा अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलीस यंत्रणेतील वर्णभेद हा केवळ काही व्यक्तींचा दोष नसून तो संस्थेच्या कार्यपद्धतीत मुरलेला आहे, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. त्यानंतर वंशसंबंध (सुधारणा) कायदा, २००० अस्तित्वात आला. या कायद्याखालील विशेष कर्तव्यांनुसार विद्यापीठांना मे २००२ अखेर वांशिक समतेचे लेखी धोरण तयार करावे लागले. तसेच आपल्या धोरणांचा विविध वंशगटांतील विद्यार्थी व कर्मचारी यांच्यावर होणारा परिणाम तपासणे, विद्यार्थ्यांचे प्रवेश व प्रगती आणि कर्मचाऱ्यांची भरती व बढती यांवर लक्ष ठेवणे बंधनकारक झाले.

पुढे डिसेंबर २००६ मध्ये अपंगत्वाच्या व एप्रिल २००७ मध्ये स्त्री-पुरुष समतेच्या संदर्भात अशीच कर्तव्ये लागू झाली. समता कायदा, २०१० ने ही सर्व कर्तव्ये एकत्र केली. या कायद्याच्या कलम १४९ नुसार सार्वजनिक संस्थांनी आपली कामे करताना तीन गोष्टींचा यथोचित विचार करावयाचा असतो : भेदभाव व छळ यांचे निर्मूलन, संधीच्या समानतेची वाढ आणि विविध गटांमधील सलोख्याची जोपासना. हे कर्तव्य एप्रिल २०११ पासून लागू झाले.

'यथोचित विचार' म्हणजे नेमके काय, याचा उलगडा इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २००८ साली टपाल कार्यालये बंद करण्याविषयीच्या 'ब्राऊन' खटल्यात केला. त्यातून पुढे आलेली सूत्रे अशी :

१. निर्णय घेणाऱ्यास या कर्तव्याची जाणीव असली पाहिजे.
२. विचार निर्णयापूर्वी व निर्णयाच्या वेळी व्हावयास हवा. झालेल्या निर्णयाचे मागाहून केलेले समर्थन पुरेसे नाही.
३. विचार खुल्या मनाने व काटेकोरपणे व्हावा. तो केवळ रकाने भरण्यापुरता नसावा.
४. ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही.
५. हे कर्तव्य एकदाचे नसून अखंड चालणारे आहे.
६. केलेल्या विचाराची नोंद ठेवणे हिताचे आहे.

यांपैकी दुसरे सूत्र या संपूर्ण प्रक्रियेचा कणा आहे. ते पाळले न गेल्यास काय घडते, हे पुढील दोन न्यायनिवाड्यांवरून स्पष्ट होते.

दोन न्यायनिवाडे : उशिरा मान्य झालेली चूक

पहिला न्यायनिवाडा इंग्लंडमधील आहे. डिसेंबर २०१० मध्ये तेथील संसदेने विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांची कमाल शुल्कमर्यादा २०१२ च्या प्रवेशांपासून वार्षिक ९,००० पौंडांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. पूर्वीची मर्यादा सुमारे ३,३०० पौंड होती. या निर्णयास दोन विद्यार्थ्यांनी न्यायालयात आव्हान दिले. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांचा विचार शासनाने केला होता, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि वंश, अपंगत्व व लिंग यांविषयीच्या समता-कर्तव्यांचा जितका काटेकोर विचार व्हावयास हवा होता तितका झाला नाही, असे न्यायालयाने घोषित केले. एवढे होऊनही शुल्कवाढीचे विनियम रद्द झाले नाहीत. विद्यापीठांचे अंदाजपत्रक व प्रवेशप्रक्रिया त्या शुल्काच्या आधारे पुढे गेली होती, आणि या टप्प्यावर निर्णय रद्द केल्यास प्रशासकीय गोंधळ माजला असता.

दुसरा न्यायनिवाडा भारतातील असून त्याचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये झालेल्या वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत मुंबईच्या एका केंद्रावर डिसग्राफिया, म्हणजे लेखनक्षमतेशी संबंधित अपंगत्व असलेल्या एका विद्यार्थिनीला एक तासाचा भरपाई वेळ नाकारण्यात आला. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विद्यार्थिनीचा कोणताही दोष नसताना तिला तिच्या हक्काची सुविधा नाकारली गेली. मात्र फेरपरीक्षेचा आदेश देणे न्यायालयाने योग्य मानले नाही. झालेल्या अन्यायाचे निवारण कसे करता येईल याचा विचार परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने करावा आणि पुढील काळात अशा सुविधांविषयी स्पष्ट सूचना व केंद्रावरील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांची व्यवस्था असावी, असे न्यायालयाने सांगितले.

देश वेगळे, कायदे वेगळे आणि प्रश्नांची व्याप्तीही वेगळी. एका प्रकरणात संपूर्ण देशाचे शुल्कधोरण होते, तर दुसऱ्यात परीक्षा केंद्रावरील एक तास होता. तरीही दोहोंतून निघणारा बोध एकच आहे. चूक झाली हे उच्च पातळीवर मान्य झाले, परंतु घड्याळ मागे फिरवता आले नाही. शैक्षणिक वर्ष, परीक्षा व प्रवेश या कालबद्ध गोष्टी आहेत. विद्यार्थ्याच्या आयुष्यातील गेलेले वर्ष न्यायालयाच्या निकालाने परत येत नाही. म्हणून शिक्षणक्षेत्रात परिणामांचा विचार आधी होणे, ही केवळ सोयीची नव्हे तर न्यायाची बाब आहे.

आकडेवारीची भूमिका

परिणामांचा विचार करावयाचा तर एकूण सरासरी पुरेशी नसते, गटनिहाय आकडे लागतात. ब्रिटनमधील विद्यापीठीय संशोधनाच्या २०१४ च्या राष्ट्रीय मूल्यांकनाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. आपल्या कोणत्या अध्यापकांचे संशोधन मूल्यांकनासाठी पाठवावयाचे, हे त्या वेळी प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवीत असे. सामान्यतः प्रत्येकी चार संशोधनकृती अपेक्षित होत्या. प्रसूती रजेच्या प्रत्येक कालावधीमागे एक कृती कमी करण्याची सवलत होती. निवडीसाठी लेखी आचारसंहिता व समता-परिणाम मूल्यमापनही आवश्यक होते. तरीही मूल्यांकनानंतरच्या अधिकृत विश्लेषणात, पात्र पुरुष अध्यापकांपैकी ६७ टक्के तर पात्र स्त्री अध्यापकांपैकी ५१ टक्के निवडले गेले, असे आढळले.

या दोन आकड्यांचे वाचन दोन प्रकारे करता येते. त्यांतील अंतर १६ टक्के-गुणांचे आहे. प्रमाणाच्या भाषेत स्त्रियांच्या निवडीचा दर पुरुषांच्या दराच्या सुमारे ७६ टक्के आहे. नोकरभरतीतील निवडीसाठी अमेरिकेत १९७८ साली ठरविण्यात आलेला 'चार-पंचमांश' हा ढोबळ निकष लावल्यास, एखाद्या गटाचा दर सर्वाधिक दराच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तर तो प्रतिकूल परिणामाचा संकेत समजला जातो. संकेत म्हणजे भेदभावाचा पुरावा नव्हे. सेवाज्येष्ठता, विषय, अर्धवेळ नेमणुका अशी कारणे त्यामागे असू शकतात. परंतु शोध कोठे घ्यावयाचा, हे असा संकेत दाखवून देतो. २०२१ च्या मूल्यांकनात संशोधनाची ठळक जबाबदारी असलेल्या सर्व अध्यापकांचा समावेश करण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यामागे इतरही कारणे होती, तथापि निवडीतून निर्माण होणाऱ्या विषमतेची वाट त्यामुळे बऱ्याच अंशी बंद झाली.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. मूल्यमापनाचे कागद तयार होते, सवलतीही होत्या, तरी अंतर राहिले. म्हणजेच निर्णयापूर्वीच्या विचाराला निर्णयानंतरच्या मोजणीची जोड आवश्यक आहे.

भारतीय संदर्भ

भारतात समतेचा पाया संविधानाच्या अनुच्छेद १४ ते १७ मध्ये आहे. राखीव जागा, शिष्यवृत्ती, वसतिगृहे यांच्या रूपाने सकारात्मक उपायांची आपली परंपरा ब्रिटनपेक्षा जुनी व व्यापक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे सर्वज्ञात आहे. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोगाची शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद करण्यात आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत.

या तरतुदींचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्या प्रामुख्याने दोन ठिकाणी काम करतात : प्रवेशाच्या वेळी जागांच्या रूपाने आणि अन्याय झाल्यावर तक्रारनिवारणाच्या रूपाने. प्रवेश व तक्रार यांच्या मधला जो विस्तीर्ण प्रदेश आहे, म्हणजे तासिका, प्रात्यक्षिके, अंतर्गत गुण, शुल्काचे हप्ते, सहली, प्रकल्प, तेथील दैनंदिन निर्णयांच्या परिणामांचा आगाऊ विचार करणारी यंत्रणा मात्र क्षीण आहे. समता-परिणाम मूल्यमापनाचे स्थान या मधल्या प्रदेशात आहे.

येथे ब्रिटनचा नमुना जसाच्या तसा उचलणे योग्य ठरणार नाही. तेथील कायद्यात नऊ संरक्षित वैशिष्ट्ये आहेत. त्यांत वंश आहे, पण जात स्वतंत्रपणे नाही. जातीचा समावेश वंशाच्या व्याख्येत करण्याची तरतूद २०१३ साली झाली होती. परंतु २०१८ मध्ये तेथील शासनाने तसा कायदा न करता न्यायालयीन निर्णयांवर विसंबण्याचे ठरविले. सामाजिक-आर्थिक विषमतेविषयीचे कर्तव्यही इंग्लंडमध्ये अमलात आले नाही. स्कॉटलंडने ते २०१८ मध्ये व वेल्सने २०२१ मध्ये स्वीकारले. जे वैशिष्ट्य यादीत नाही त्याची मोजणी होत नाही, आणि ज्याची मोजणी होत नाही ते धोरणकर्त्यांना दिसत नाही. म्हणून महाराष्ट्रातील महाविद्यालयाने अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, लिंग, तृतीयपंथी ओळख, अपंगत्व व धर्म यांबरोबरच कौटुंबिक उत्पन्न, शालेय शिक्षणाचे माध्यम, गाव व तेथून येण्याचे साधन आणि घरातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी असणे, या बाबींचाही आपल्या यादीत समावेश करणे उचित होय.

कार्यपद्धती : एक काल्पनिक उदाहरण

समजा, तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाने पहिली तासिका सकाळी १०.३० ऐवजी ७.३० वाजता सुरू करण्याचे योजले आहे. वर्गखोल्यांची कमतरता दूर करणे हा हेतू आहे. मूल्यमापनाचे टप्पे पुढीलप्रमाणे राहतील.

पहिला टप्पा : हेतू व व्याप्ती निश्चित करणे. निर्णयाने काय साधावयाचे आहे व कोणाकोणाला तो लागू होणार आहे, हे दोन-चार वाक्यांत लिहावे. येथे प्रश्न वर्गखोल्यांचा आहे. सकाळची वेळ हा त्यावरील एक उपाय आहे, एकमेव उपाय नव्हे.

दुसरा टप्पा : उपलब्ध माहिती गोळा करणे. प्रवेश अर्जांतून विद्यार्थ्यांची गावे मिळतात. एस.टी.च्या वेळापत्रकावरून कोणत्या गावची पहिली गाडी किती वाजता पोहोचते हे कळते. हजेरीपटावरून सध्याच्या पहिल्या तासिकेस कोण अनुपस्थित असते हे समजते. यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही.

तिसरा टप्पा : संबंधितांशी चर्चा. कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी येथे पुढे येतात. पहाटे अंधारात थांब्यापर्यंत चालत जावे लागणार असेल तर काही पालक मुलींना पाठविणार नाहीत. उलट दुकानात किंवा बाजार समितीत दुपारी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना सकाळची वेळ सोयीची ठरेल. व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यास सोबत आणणारी व्यक्ती त्या वेळी उपलब्ध नसेल. एकच निर्णय एका वंचित गटास उपकारक व दुसऱ्यास अपायकारक असू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

चौथा टप्पा : पर्यायांचा विचार. सकाळच्या सत्रात पर्यायी विषय ठेवून अनिवार्य विषय व प्रात्यक्षिके उशिरा घेता येतील. दोन तुकड्या करून विद्यार्थ्यास तुकडी निवडण्याची मुभा देता येईल. गाडीच्या वेळेत बदल करण्याविषयी आगाराशी पत्रव्यवहार करता येईल. उपस्थितीची किमान अट लागू करताना गाडीच्या वेळेचा विचार करता येईल. कोणताच पर्याय पुरेसा नसेल तर निर्णय पुढे ढकलणे हाही पर्यायच आहे.

पाचवा टप्पा : निर्णय व नोंद. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. ठरावाच्या मसुद्यासोबत एक-दोन पानांचे मूल्यमापन टिपण समितीपुढे ठेवावे. कोणता परिणाम आढळला, कोणता बदल केला आणि जो केला नाही तो का, हे त्यात नमूद असावे.

सहावा टप्पा : फेरतपासणी. एका सत्रानंतर गावनिहाय व लिंगनिहाय उपस्थिती पुन्हा पाहावी. अंतर वाढले असेल तर निर्णयात दुरुस्ती करावी. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे हे काम सोपविता येईल.

या सर्व टप्प्यांत एक दक्षता अत्यावश्यक आहे. लहान महाविद्यालयात एखाद्या गटात दोन-तीनच विद्यार्थी असतात. अशा गटाचे आकडे जाहीर केल्यास व्यक्तीची ओळख उघड होते. म्हणून गट फार लहान असेल तेथे आकड्यांऐवजी थेट संवादावर भर द्यावा आणि जात, अपंगत्व, लिंगभाव यांविषयीची माहिती गोपनीय राखावी.

मर्यादा

या पद्धतीवरील आक्षेपांचीही दखल घेतली पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ही मूल्यमापने म्हणजे नोकरशाहीचा अनावश्यक पसारा असल्याची भूमिका घेऊन ती थांबविण्याची घोषणा केली. यथोचित विचाराचे कर्तव्य मात्र कायद्यात कायम राहिले. इंग्लंडमध्ये त्यासाठी विशिष्ट दस्तऐवज सक्तीचा नाही. वेल्स व स्कॉटलंडमध्ये परिणामांचे मूल्यमापन करण्याविषयी स्वतंत्र विनियम आहेत. या आक्षेपात तथ्यांश आहे. प्रत्येक लहानसहान परिपत्रकासाठी लांबलचक प्रपत्र भरावयास लावल्यास प्रपत्रच उद्दिष्ट होऊन बसते. मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी एकाच रात्रीत तयार होणाऱ्या फायलींचा अनुभव आपल्याकडील अध्यापकांना नवा नाही. म्हणून निर्णयाच्या आकारानुसार मूल्यमापनाचा आकार ठरविणे, हे व्यवहार्य धोरण होय.

दुसरी मर्यादा अशी की, मूल्यमापन निर्णय सुचविते, संसाधने निर्माण करीत नाही. उद्वाहक बसविण्यास निधी नसेल तर अडथळा ओळखूनही तो राहतो. तथापि तेवढ्या काळापुरता वर्ग तळमजल्यावर घेण्यास निधी लागत नाही, दृष्टी लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सर्वांना समान लागू होणारा नियम सर्वांवर समान परिणाम करतोच असे नाही. म्हणून हेतूबरोबर परिणामही तपासला पाहिजे.
२. शैक्षणिक निर्णय कालबद्ध असल्याने नंतर मान्य झालेली चूक बहुधा भरून निघत नाही. मूल्यमापनाची योग्य वेळ निर्णयापूर्वीची आहे.
३. गटनिहाय आकडेवारी व संबंधितांशी संवाद ही मूल्यमापनाची दोन अंगे परस्परपूरक आहेत.
४. विचारात घ्यावयाच्या गटांची यादी स्थानिक समाजरचनेनुसार ठरवावी. परदेशी यादी पुरेशी नाही.
५. ज्या मूल्यमापनामुळे निर्णयात बदल होण्याची शक्यताच नाही, ते मूल्यमापन नव्हे.

प्रत्येक महाविद्यालयाने येत्या शैक्षणिक वर्षात किमान एका महत्त्वाच्या निर्णयाबाबत ही पद्धती अवलंबून पाहिली, तरी तिची उपयुक्तता व उणिवा अनुभवाने स्पष्ट होतील. ठराव मंजूर करण्यापूर्वी 'यामुळे कोणाची अडचण होईल ?' हा एक प्रश्न बैठकीच्या कार्यवृत्तात लेखी उत्तरासह नोंदविला जावा, ही त्या दिशेने टाकलेली पहिली पायरी ठरू शकेल.